प्रीमियर पद्मिनी गाडीचे स्पार्क प्लग बदलायला कुठला पाना घ्यावा, साधा 21 चा सॉकेट चालेल का?

21 एमएमचा (13/16 इंच) स्पार्क प्लग सॉकेटच घ्या, आत रबर असलेला, साधा नको, कारण साधा सॉकेट जरा तिरका बसला की प्लगचं पोर्सिलेन (पांढरा चिनीमातीचा भाग) तडकतं आणि ती बारीक चीर दिसतही नाही, नुसतं मिसफायर होत राहतं, म्हणजे ठिणगी मधेमधे चुकते. रबर प्लग धरून ठेवतं म्हणून तो खाली पडून गॅपही (ठिणगी पडते ती टोकाची फट) बिघडत नाही. पद्मिनी, अॅम्बॅसेडरच्या प्लगचा हेक्स (पाना बसतो तो षटकोनी भाग) 20.8 एमएम असतो, त्यामुळे आजच्या बऱ्याच गाड्यांचा 16 चा सॉकेट इथे बसणारच नाही. फक्त कुणी आधी वेगळा प्लग टाकला असेल तर हेक्स मोजूनच घ्या. आणि प्लीज, इंजिन गार असताना आधी हातानेच आटे शेवटपर्यंत बसवा, मग नवीन प्लगला पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे, अॅल्युमिनियम हेडचे आटे गेले की फार महागात पडतं.