चिठ्ठ्यांचा कोरियन पिक्चर आणि त्याचा इंग्लिश रिमेक

प्रश्न: ताई नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, शिकायला बेळगावात पीजीत राहते. मागच्या महिन्यात रूममेटच्या मोबाईलवर 'इल मारे' हा कोरियन पिक्चर बघितले, सबटायटल वाचत वाचत, आणि शेवटी दोघी पण रडलो. समुद्रकाठी एक घर, त्यात दोन वेगळ्या वर्षांत राहणारी दोघं, आणि दारातल्या एकाच पत्रपेटीतनं एकमेकांना चिठ्ठ्या. आता कळालं की त्याचाच इंग्लिशमध्ये 'द लेक हाऊस' म्हणून रिमेक हाय. रूममेट म्हणते रिमेक म्हणजे नासाडी, बघूच नको, आधीची चव पण जाईल. मला तर बघावं असं वाटूलालंय. सुट्टीत घरी गेले की आईला पण दाखवायचं मनात हाय, पण तिला मराठी, कन्नड येतं, हिंदी थोडं, इंग्लिश नाही. तर बघू काय नको? आणि आईला कुठला दाखवू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: अगं बघ की! फक्त लगेच नको. इल मारे अजून डोळ्यासमोर ताजा आहे, अशात रिमेक लावलास तर प्रत्येक सीनला हे असं नव्हतं, ते तसं नव्हतं करत बसशील आणि दोन तास त्यातच जातील. दोन-तीन महिने जाऊ देत.

तुझ्या रूममेटचं म्हणणं मला कळतं, कारण मी पण एकेकाळी तेच म्हणायचे. 2016 ला सैराट बघून थेटरातनं बाहेर आलो तेव्हा आमच्यात कोणी कोणाशी बोलत नव्हतं, गाडीवर मागं बसलेली बहीण घर येईपर्यंत गप्प. पुढच्याच वर्षी त्याचं कन्नड आलं, 'मनसु मल्लिगे', त्यात पण रिंकू राजगुरूच. मी जाणार नाही म्हणून बसले होते, शेजारच्या काकूंनी ओढत नेलं. काकूंचं माहेर धारवाडकडचं, त्यांनी मराठी सैराट माझ्याबरोबरच बघितला होता आणि तो त्यांना कळला पण होता, पण कन्नडमध्ये बघताना त्या जशा रडल्या तशा मराठीत रडल्या नव्हत्या. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की रिमेक कोणासाठी असतो हे आपण विचारतच नाही. आपल्या भागात एकाच गल्लीत एक गोष्ट दोन भाषांत ऐकणारी माणसं राहतात, आपल्याला तरी हे कळायला पाहिजे.

पण भाषा बदलणं वेगळं आणि गोष्टीतलं मीठच काढून घेणं वेगळं. 2018 चा 'धडक' बघ, गोष्ट करमाळ्याकडनं उदयपूरला गेली, झिंगाट हिंदीत आलं, सगळं चकचकीत झालं, आणि जातीचा जो काटा सैराटमध्ये पहिल्यापासनं टोचत राहतो तो इतका बोथट केला की शेवटचा धक्का कशामुळं बसायचा तेच कळेना. मी रिमेक बघताना हेच शोधते, मूळ गोष्ट ज्याच्या जोरावर उभी होती ते ह्यांनी ठेवलंय का.

आता तुझ्या पिक्चरकडं येते. इल मारे 2000 चा. त्यातला हिरो ली जुंग-जे, तोच पुढं 2021 मध्ये 'स्क्विड गेम'मुळं आपल्याकडच्या पोरांना पण माहीत झाला. लेक हाऊस 2006 चा, कियानू रीव्हज आणि सँड्रा बुलक, दिग्दर्शक अर्जेंटिनाचा अलेहांद्रो आग्रेस्ती. समुद्र गेला आणि शिकागोजवळचं तळं आलं. कोरियन पिक्चरमधली हिरोईन आवाज देणारी आर्टिस्ट, इंग्लिशमधली डॉक्टर. दोन वर्षांचं अंतर, कुत्रं, आर्किटेक्ट हिरो आणि त्याचं नावाजलेल्या आर्किटेक्ट बापाशी न पटणं, हे दोन्हीकडं आहे. इल मारे म्हणजे इटालियनमध्ये समुद्र, मूळ पिक्चरमध्ये ते घराचं नाव, आणि रिमेकमध्ये दोघं जिथं भेटायचं ठरवतात त्या रेस्टॉरंटला तेच नाव ठेवलंय. मला ते फार आवडलं, आपण कुठनं आलो ते रिमेकनं दारावरच लिहून ठेवलंय.

काय हरवलं तेही सांगते, म्हणजे तू तयारीनं बघशील. शांतता गेली. कोरियनमध्ये एक चिठ्ठी पेटीत पडते आणि मग मधे नुसता समुद्र, वारा, एकटं घर, आपण पण तिच्याबरोबर वाट बघतो. इंग्लिशमध्ये पुढं पुढं दोघं चिठ्ठ्या अशा बोलतात की समोरासमोर बसून गप्पा चालल्यात, त्यानं एक वाक्य बोलायचं, तिनं लगेच उत्तर द्यायचं. माझ्या लहानपणी आत्याचं पत्र कोल्हापूरहून यायचं, बेळगावपासनं कोल्हापूर असून असून किती लांब, तरी उत्तर येईपर्यंत आजी रोज पोस्टमनच्या वेळेला कट्ट्यावर येऊन बसायची आणि त्या बसण्यातच तिचं निम्मं प्रेम होतं असं मला आता वाटतं. ते बसणं इल मारेत आहे, लेक हाऊसमध्ये कमी पडलं.

आणि कमावलं काय, तर एक झाड. तिच्या राहत्या बिल्डिंगजवळ झाडं नाहीत म्हणून ती हळहळते, आणि तो दोन वर्षं मागं बसून तिथं रोप लावतो, तर तिच्या डोळ्यासमोर ते झाड एकदम उभं राहतं. एवढ्या एका सीनसाठी सुद्धा मी तो पिक्चर परत बघेन. बापलेकाचा भाग पण नीट उतरलाय, बाप झालेला क्रिस्टोफर प्लमर थोडाच वेळ आहे पण लक्षात राहतो. काळाचा हिशेब काही ठिकाणी जुळत नाही, तो दोन्हीत जुळत नाही, त्यात डोकं घालू नकोस. शेवट मी सांगणार नाही.

तुला असंच अजून काही बघायचं असेल तर 1996 चा जपानी 'शॅल वुई डान्स?' आणि त्याचा 2004 चा अमेरिकन रिमेक बघ, तो पण शिकागोतलाच, रिचर्ड गिअरचा. जपानीमध्ये ऑफिसात रोज जाणारा एक साधा मधल्या वयाचा माणूस लपून डान्स शिकायला जातो, बायकोला सांगत नाही, कारण तिथं नवराबायकोनं चारचौघांत हात धरायची पण लाज, मग परक्या बाईला धरून नाचणं तर सोडूनच दे. ही लाज आपल्याला कोणी समजावून सांगायला लागत नाही, आपल्या गल्लीतला कोणी काका असा क्लासला जायला लागला तर तो पण घरी सांगणार नाही. अमेरिकेत ती लाज तशी नाही, म्हणून रिमेकला दुसरं कारण शोधावं लागलं, की सगळं असून पण अजून सुख मागायची त्याला लाज वाटते. वाईट नाही पण वजन कमी झालं. तिथं मी जपानीच बघ म्हणेन. आणि इल मारेतल्याच हिरोईनचा 2001 चा 'माय सॅसी गर्ल' आहे, त्याचा 2008 चा अमेरिकन रिमेक सोडून दिलास तरी चालेल.

आता आईचं. आईला इल मारेच दाखव. इंग्लिश येत नाही म्हटल्यावर तिला दोन्ही सारखेच परके, मग चांगला तो दाखवावा. आणि सबटायटलची काळजी करू नकोस, आपल्याकडं थेटरात शेजारी बसून कन्नडचं मराठी करून सांगणाऱ्या बायका काय कमी होत्या काय, माझ्या आईनं अर्धे कन्नड पिक्चर काकूंच्या तोंडून बघितले. तसंही ह्या पिक्चरमध्ये बरंचसं बोलणं चिठ्ठ्यांतच आहे. चिठ्ठी आली की पॉज कर आणि तुझ्या घरच्या मराठीत मोठ्यानं वाचून दाखव. घाईनं वाचू नकोस, ती पुढचं विचारेल तेव्हाच प्ले कर.