कायदेविषयक सल्ला : नादारीचा अर्ज करण्यापूर्वी घर पत्नीच्या नावावर करावे का?

प्रश्न : विट्यात माझा यंत्रमागाचा व्यवसाय आहे. माग तारण ठेवून बँकेकडून घेतलेले कर्ज, पतसंस्थेचे कर्ज (जामीनदार माझे मेहुणे), सुताच्या व्यापाऱ्याची उधारी आणि एका खासगी सावकाराची रक्कम मिळून सुमारे ३१ लाख रुपये देणे आहे. पतसंस्थेने सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खालील वसुली दाखलाही मिळवला आहे. नादारीचा, म्हणजे कर्ज फेडण्यास असमर्थ असल्याचे न्यायालयाकडून जाहीर करून घेण्याचा, अर्ज करण्याचा विचार आहे. त्यापूर्वी राहते घर पत्नीला बक्षीसपत्राने द्यावे आणि काही माल विकून मेहुण्यांचे ओझे उतरवावे, असे नातेवाईक सुचवतात. तयारी कशी करावी?
— एक यंत्रमागधारक, विटा (जि. सांगली)

उत्तर : घराचे बक्षीसपत्र करू नये. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता अमलात आला असल्यामुळे आपल्याला अद्याप प्रांतिक नादारी अधिनियम, १९२० हाच लागू होतो. त्याच्या कलम ५३ नुसार, हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर ती व्यक्ती नादार ठरली, तर मोबदल्याविना केलेले हस्तांतरण न्यायालय रद्द करू शकते. म्हणजे घर वाचत नाही, नोंदणीचा खर्च जातो आणि पुढे ऋणमुक्ती (उरलेल्या देण्यांतून न्यायालयाने दिलेली सुटका) मागताना तेच बक्षीसपत्र आपल्या हेतूविषयी शंका निर्माण करते. असे सल्ले देणारे नातेवाईक त्या दिवशी न्यायालयात नसतात.

मेहुण्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. एकाच धनकोला (कर्ज देणाऱ्याला) झुकते माप देण्याच्या हेतूने रक्कम दिली आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर आपण नादार ठरलात, तर कलम ५४ प्रमाणे ती फेडही टिकत नाही. शिवाय आपल्याला ऋणमुक्ती मिळाली तरी जामीनदार सुटत नाही. पतसंस्था त्यांच्याकडून वसुली करू शकते. म्हणून अर्जाआधी, मेहुण्यांना सोबत घेऊनच, पतसंस्थेकडे एकरकमी परतफेडीची लेखी मागणी करावी. माझ्या मते वेळ द्यावा असे काम हेच आहे.

अर्जाचा कणा म्हणजे यादी. प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता व रक्कम, तसेच स्वतःची सर्व मालमत्ता, तिचे मूल्य आणि ती कोठे आहे, हे त्यात द्यावे लागते. व्यापाऱ्यांकडे थकलेली आपली येणी, पतसंस्थेतील भाग व ठेव, बहिणीसोबतचा वडिलोपार्जित जमिनीतील हिस्सा, हेही मालमत्तेतच मोडते आणि नेमके हेच लोक लिहायला विसरतात. हिशेबाच्या वह्या, बँकेचे उतारे, सुताची बिले आणि वसुली दाखल्याची प्रत आताच एकत्र करावी. अधिकारक्षेत्र जिल्हा न्यायालयाचे आहे. पत्नीचे स्त्रीधन तिचेच राहते, मात्र तिने कोठे सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली नसावी.

नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाकडे किंवा प्रापकाकडे (न्यायालयाने मालमत्ता सांभाळण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीकडे) जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून वगळलेल्या वस्तू, जसे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारे, त्यातून सुटतात. राहत्या घराची सवलत तेथे शेतकरी, मजूर व घरगुती नोकर यांना आहे, यंत्रमागाच्या मालकाने ती गृहीत धरू नये. तारण मागांवरील बँकेचा हक्क तसाच राहतो. अटकेपासून संरक्षण हवे असेल तर त्याचा आदेश न्यायालयाकडून वेगळा मागावा लागतो. ऋणमुक्तीसाठी न्यायालय जी मुदत ठरवून देईल तिच्यात अर्ज केला नाही, तर नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो. सरकारी देणी, फसवणुकीतून उद्भवलेली देणी आणि पोटगी ऋणमुक्तीनंतरही शिल्लक राहतात. कोऱ्या धनादेशावर सही करून दिली असल्यास, तो न वटल्याबद्दलचा धनादेशविषयक (पराक्राम्य संलेख) कायद्याच्या कलम १३८ चा फौजदारी खटला नादारीच्या अर्जाने आपोआप थांबत नाही.

सावकाराकडे परवाना आहे का, ते प्रथम तपासावे. नसेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. जमीन किंवा घर लिहून घेतले असल्यास ते परत मिळवण्याचा मार्गही त्याच कायद्यात आहे. ही तक्रार नादारीच्या अर्जाआधी दाखल करून तिची पोच अर्जासोबत जोडावी, आणि सावकाराची मागणी यादीत लिहिताना ती आपल्याला मान्य नाही असे स्पष्ट नोंदवावे.