फ्रीज इंजिनवर चालतो, बॅटरीवर बंद पडतो. बॅटरी बदलू का?

नका बदलू. आज तरी नकोच.

तुम्ही लिहिलंय की बोटीवरचा १२ व्होल्टचा फ्रीज इंजिन चालू असेपर्यंत नीट चालतो, इंजिन बंद केलं की दोन-तीन मिनिटांत थांबतो, आणि मीटरवर बॅटरी १२.५ दाखवते. त्यावरून १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) घेऊ की १५० ची, असं विचारताय. याच गोष्टीपायी आमच्या घरात एका बॅटरीचे पैसे पाण्यात गेले, म्हणून लांबलचक लिहितोय.

आम्ही बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातले. बाबा तांडेल, म्हणजे बोटीचे मुख्य, त्यांना इन्सुलिन चालू. मासळीच्या खणात एवढा बर्फ असताना फ्रीज कशाला, असं सगळेच म्हणायचे. पण इन्सुलिन बर्फाला टेकून गोठलं की वाया गेलं, वितळलं तरी घेता येत नाही. बंद बाटलीला २ ते ८ अंश लागतात, आणि मे महिन्यात बोटीची केबिन किती तापते ते तिथे झोपलेल्यालाच ठाऊक. म्हणून मी मुंबईच्या दारुखान्यातून, तोडलेल्या जहाजावरचा छोटा फ्रीज आणला. आत डॅनफॉसचा बीडी ३५ कॉम्प्रेसर, एकदम दणकट माल. मी आयटीआय केलेला वायरमन, पण नेमका ड्युटीवर होतो. तेवढ्यात दादाने ओळखीच्या मेकॅनिककडून वायरिंग उरकून घेतलं.

दुसऱ्याच ट्रिपला रात्री जाळं टाकून इंजिन बंद केलं आणि फ्रीज थांबला. सकाळपर्यंत आतलं सगळं गरम. दोन नव्या बाटल्या फेकाव्या लागल्या. दादा म्हणाला, "बॅटरीच मेली हाय, तू नको शिकवू." नवी बॅटरी आली. आठ दिवस फ्रीज चालला आणि पुन्हा तेच.

मासेमारी बंदीत, जूनमध्ये, बोट वर ओढल्यावर मी मीटर घेऊन बसलो. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.५. फ्रीजच्या मॉड्यूलवर (कॉम्प्रेसर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा), कॉम्प्रेसर बंद असताना, तेही १२.४. सगळे इथेच फसतात. करंट वाहत नसेल तर वायर कितीही भिकार असली तरी व्होल्टेज पूर्णच दिसतं. कॉम्प्रेसर उचलायला लागला आणि त्याच ठिकाणी काटा १०.२ वर आला. हा मॉड्यूल बॅटरी वाचवण्यासाठी १०.४ ला स्वतःच बंद होतो आणि ११.७ मिळाल्यावर परत प्रयत्न करतो. बंद झाला की लोड गेला, व्होल्टेज वर आलं, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. इंजिन चालू असताना अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) १४ च्या आसपास देतो, म्हणून वाटेत दोन व्होल्ट गळले तरी फ्रीजचं भागतं.

गळत कुठे होते? बॅटरी इंजिनरूममध्ये, फ्रीज केबिनमध्ये. घरातल्या दिव्याला टाकतात ती दीड स्क्वेअरची (स्क्वेअर मिलिमीटर, वायरची जाडी) वायर, जायला सात मीटर, यायला सात. सहा अँपिअरला एक व्होल्ट तिथेच संपला. बाकीचा काचेच्या फ्यूजच्या होल्डरमध्ये. उघडला तर आत हिरवा कळंक. नवी बॅटरी बसवताना मेकॅनिकने टर्मिनलं घासली होती, फ्यूज काढून परत दाबला होता. आठ दिवस फ्रीज चालला तो त्यामुळे, बॅटरीमुळे नाही.

कॉम्प्रेसरच्या कंपनीच्या तक्त्यात १२ व्होल्टला अडीच स्क्वेअरची वायर जेमतेम अडीच मीटरपर्यंत चालते, सहा स्क्वेअरची सहा मीटरपर्यंत. मी वाट बदलून अंतर साडेपाच मीटरवर आणलं, सहा स्क्वेअरची कलई केलेली वायर ओढली, बॅटरीजवळ नवा १५ अँपिअरचा फ्यूज टाकला. आणि मुद्दाम जुनी, 'मेलेली' बॅटरी जोडली. रात्रभर फ्रीज चालला. दादाला दाखवलं. तो आजही जेट्टीवर सांगतो की नव्या बॅटरीने काम झालं.

तुम्ही एवढं करा. फ्रीज सुरू होत असताना मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी मॉड्यूलच्या प्लसवर धरा. मग तसंच मायनसचं. दोन्ही मिळून ०.३-०.४ च्या वर गेलं तर दोष वायर, जोड किंवा फ्यूजचा. तुमचाही कॉम्प्रेसर याच जातीचा असेल तर मॉड्यूलवरच्या प्लस आणि डी या टर्मिनलांमध्ये छोटा एलईडी लावता येतो. एक लुकलुक म्हणजे व्होल्टेज कमी. दोन म्हणजे पंखा जास्त करंट घेतोय. तीन म्हणजे मोटर सुरूच होत नाही, आणि तिथे माझं वरचं सगळं लागू नाही, फ्रीजवाल्यालाच बोलवा.

हो, आणि बॅटरी खरंच गेलेली असू शकते. फ्रीज सुरू होत असताना खुद्द बॅटरीच्या टर्मिनलवर ११ च्या जवळ काटा आला तर ती बदलाच, आणि इंजिन स्टार्ट करायची बॅटरी फ्रीजला जुंपू नका, रोज खोलवर उतरली की ती लवकर बसते. वायरीला हात लावायच्या आधी मायनस काढा, बॅटरीच्या खोलीत ठिणगी पाडू नका.

१०० की १५० ते नंतर बघू. आधी कॉम्प्रेसर चालू असतानाचे दोन आकडे इथे लिहा, बॅटरीवरचा आणि मॉड्यूलवरचा, आणि मेकॅनिकने वायर किती स्क्वेअरची टाकलीय तेही.