युवक संस्थांचा पैसा : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

मार्च संपला की अभ्यासिका, वस्तीवर्ग, गिर्यारोहण मंडळे चालवणाऱ्या तरुणांची पत्रे येऊ लागतात आणि त्यांतील बहुतेक शंका मागील वर्षीच्याच असतात. त्यामुळे वारंवार विचारले जाणारे काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत. आयकर अधिनियम 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. परंतु सर्वांच्या तोंडी अद्याप जुनेच क्रमांक असल्याने उत्तरांतही तेच ठेवले आहेत. प्रत्यक्ष अर्ज करताना आपल्या सनदी लेखापालांकडून नवा क्रमांक पडताळून घ्यावा.

प्रश्न (सातारा) : आमचे मंडळ नोंदणीकृत नाही. गावातील शाळेच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढायची असल्यास परवानगी लागते का?

होय. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 क नुसार सहायक धर्मादाय आयुक्तांची परवानगी वर्गणी काढण्यापूर्वी घ्यावी आणि काम झाल्यावर जमाखर्च त्याच कार्यालयात सादर करावा.

प्रश्न (सांगली) : पुराच्या वेळी आम्ही खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड सगळीकडे पाठवला आणि तो अजूनही चालू आहे. संस्था नोंदणीकृत आहे, तिचे बँक खातेही आहे. पण त्यावर दोघांच्या सह्या लागतात आणि वेळ जातो. पै न् पैचा हिशेब वहीत लिहिलेला आहे. असे चालेल ना?

चालणार नाही. खजिनदाराच्या सचोटीबद्दल मला तिळमात्र शंका नाही आणि या उत्तराशी तिचा संबंधही नाही.

अशाच एका खात्याचा उतारा नुकताच तपासण्यात आला. त्यात 501 रुपयांची देणगी, तिच्याखाली खानावळीचे 2,400 रुपये, नंतर 1,100 रुपयांची देणगी, मोबाईलचा रिचार्ज, पेट्रोल, आणि मग ‘ताडपत्री’ असा शेरा असलेले 18,000 रुपये, अशा नोंदी एकाखाली एक होत्या. ताडपत्री खरोखर घेतली होती, पूरग्रस्तांपर्यंत पोहोचलीही होती; परंतु बिल खजिनदाराच्या नावावर, पैसे खजिनदाराच्या खात्यातून आणि संस्थेच्या कीर्दीत या व्यवहाराचा मागमूस नाही. कागदोपत्री त्या संस्थेने पुरात काहीच केलेले नाही. पुढे एखाद्या कंपनीकडे निधी मागताना तिला हे काम स्वतःचे म्हणून दाखवता येणार नाही.

खजिनदाराची बाजू याहून वाईट आहे. वैयक्तिक खात्यात परक्या व्यक्तींकडून वर्षभरात 50,000 रुपयांहून अधिक रक्कम जमा झाली, की ती त्याचे उत्पन्न का धरू नये, याचे स्पष्टीकरण त्यालाच द्यावे लागते आणि तेव्हा वही पुरेशी पडेलच असे नाही. शिवाय अनोळखी लोकांकडून आलेल्या शेकडो रकमांपैकी एखादी सायबर फसवणुकीतली निघाली, तर पोलिसांच्या सूचनेवरून बँक रक्कम किंवा खातेच गोठवते. मग पूरग्रस्तांचे पैसे आणि त्या मुलाचा पगार दोन्ही एकाच वेळी अडकतात. तो उद्या परगावी गेला, आजारी पडला किंवा दुर्दैवाने त्याचे काही बरेवाईट झाले, तर त्या पैशावर संस्थेचा हक्क सिद्ध करण्यासाठी कार्यकारिणीला त्याच्या वारसांच्या दारी जावे लागेल.

देणगीदाराचेही नुकसान होतेच. संस्थेच्या खात्यात न आलेल्या रकमेवर संस्थेला 80जीची (देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी) पावती देता येत नाही. नुसते यूपीआयवरचे नाव पुरत नाही. देणगीदाराचे पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन नोंदवल्याशिवाय 31 मेपर्यंत आयकर खात्याकडे भरावयाच्या 10बीडी या देणग्यांच्या विवरणात त्याची देणगी दाखवता येत नाही आणि त्यावाचून त्याला 10बीई हे देणगीचे प्रमाणपत्र मिळत नाही. विवरणाला उशीर झाल्यास दिवसाला 200 रुपये शुल्क लागते. ज्यांचे नाव-पत्ते ठेवलेच नाहीत अशा निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या 5 टक्के किंवा 1 लाख रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक तिच्या पलीकडे गेल्या, तर वरच्या रकमेवर 30 टक्के कर आकारला जातो.

आता दोन सह्यांच्या अडचणीबद्दल. पैसे स्वीकारण्यासाठी सही लागतच नाही! संस्थेच्या खात्याचा क्यूआर कोड बँकेकडून घ्यावा, तोच फलकावर आणि व्हॉट्सअॅपवर द्यावा. सह्यांचा प्रश्न फक्त खर्चाच्या वेळी येतो आणि त्या वेळी दोन माणसांनी पाहावे, हाच त्या नियमाचा हेतू आहे. तातडीच्या कामासाठी कार्यकारिणीने ठराव करून कार्यकर्त्याला मर्यादित उचल द्यावी, बिले आल्यावर ती मिटवावी आणि एका व्यक्तीला एका दिवसात 10,000 रुपयांहून अधिक रोख देऊ नये. आजवर वैयक्तिक खात्यात जे जमा झाले आहे, त्याची देणगीदारनिहाय यादी, बँकेचा उतारा आणि खर्चाची बिले घेऊन या आठवड्यातच सनदी लेखापालांकडे जावे. उरलेली रक्कम त्यांच्या सल्ल्याने आणि ठरावानिशी संस्थेच्या खात्यात वर्ग करावी. जुना कोड मात्र आजच काढून टाकावा. त्यासाठी कोणाच्याही सल्ल्याची वाट पाहू नये.

प्रश्न (नाशिक) : 80जी असलेल्या संस्थेला देणगी दिली की तेवढा कर वाचतो, असे आम्ही देणगीदारांना सांगतो. ते बरोबर आहे का?

नाही, आणि असे सांगणे थांबवावे. आपल्यासारख्या संस्थांना दिलेल्या देणगीच्या सामान्यतः 50 टक्के रक्कम, तीही ठरावीक मर्यादेत, उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. 2,000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर आणि नवी करप्रणाली स्वीकारलेल्या व्यक्तीला ही वजावट मिळत नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : एका सल्लागाराने 25 लाख रुपयांचा सीएसआर (कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा) निधी ‘मंजूर’ करून देण्याचे सांगितले आहे. आधी 40,000 रुपये प्रक्रिया शुल्क आणि निधी आल्यावर काही टक्के रोख परत, अशी त्याची अट आहे. आमची संस्था दीड वर्षाची आहे. काय करावे?

त्याचा फोन उचलू नये. कंपनी अधिनियम 2013 च्या कलम 135 नुसार सीएसआरचा निर्णय कंपनीच्या संचालक मंडळाचा असतो. तो बाहेरच्या कोणा गृहस्थाने मंजूर करण्याचा प्रश्नच येत नाही. कंपनी ज्या बाहेरच्या संस्थेमार्फत काम करते तिला 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी) व 80जी नोंदणी, सीएसआर-1 (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील) नोंदणी आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. दीड वर्षाच्या संस्थेला हे दार तूर्त बंद आहे, हे त्या सल्लागाराला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. सीएसआर-1 आणि नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरील नोंदणीला सरकारी शुल्क नाही. तरीही त्यांची ‘पॅकेजे’ विकली जातात. निधीचा भाग रोख परत करणे म्हणजे खोटी बिले करणे होय आणि त्यावर सही सल्लागाराची नसते, आपल्या अध्यक्षांची असते.

या अनुषंगाने आणखी एक ऐकीव गोष्ट. ‘सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च 5 टक्केच’ हा नियम कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनाला लागू आहे. तो पुढे करून आपल्या शिक्षिकेचे मानधन कोणी अंदाजपत्रकातून वगळायला सांगत असेल, तर नियमाची प्रत मागावी.

प्रश्न (पुणे) : अध्यक्षांचा मावसभाऊ अमेरिकेत असतो. तो 1,000 डॉलर द्यायला तयार आहे. त्याने आपल्या आईच्या पुण्यातील खात्यात पाठवून तिने संस्थेला दिले तर?

प्रथम त्याचा पासपोर्ट कोणता आहे ते विचारावे. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत देत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत मात्र दप्तरी ठेवावी. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर मूळ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी ती विदेशी देणगीच आहे आणि मावशींच्या खात्यातून फिरवून आणल्याने तिचे स्वरूप बदलत नाही, कारण विदेशी योगदान (विनियमन) अधिनियम 2010 मध्ये दुसऱ्या व्यक्तीमार्फत आलेली रक्कमही विदेशी योगदानच धरली आहे. अशी देणगी घेण्यास या अधिनियमाखाली नोंदणी लागते. तिच्यासाठी तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या काळात उद्दिष्टांवर किमान 15 लाख रुपयांचा खर्च लागतो, शिवाय रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच घ्यावी लागते. नोंदणी नसताना पूर्वपरवानगीचा मार्ग आहे, पण 1,000 डॉलरसाठी तो कितपत परवडेल, हे या विषयातील जाणकाराला विचारूनच ठरवावे. तोवर पैसे घेऊ नयेत.

प्रश्न (नागपूर) : वर्षाची जमा 1,80,000 रुपये आहे. करमुक्त मर्यादेच्या आत असल्याने लेखापरीक्षण नको, असे कळले. खरे आहे का?

ती मर्यादा आयकर खात्याच्या लेखापरीक्षणासाठी आहे. धर्मादाय कार्यालयाकडे दाखल करावयाचे लेखापरीक्षण वेगळे असून ते करून घ्यावेच.

प्रश्न (कोल्हापूर) : विश्वस्ताला मानधन देता येते का?

संस्थेच्या घटनेत तरतूद असल्यास आणि रक्कम कामाच्या मानाने वाजवी असल्यास देता येते. ठरावाचा मसुदा वकिलांना दाखवून मगच पहिला धनादेश काढावा.

प्रश्न (सोलापूर) : तीन वर्षांपूर्वी कार्यकारिणी बदलली. धर्मादाय कार्यालयाला ते कळवणारा बदल अर्ज राहून गेला. आता बँक नव्या खजिनदारांची सही घेत नाही आणि देणगीदार नव्या कार्यकारिणीचा पुरावा मागतात. बँकेविरुद्ध तक्रार करता येईल का?

तक्रार कशाची करणार? बँकेसमोर परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या नोंदीचा) जो उतारा आहे त्यावर जुनीच नावे आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 नुसार बदल अर्ज 90 दिवसांत दाखल करावयाचा असतो आणि तीन वर्षे तो ‘राहून’ गेला, तो निवडणुकीनंतरच्या सत्काराला सर्वांना वेळ मिळाला असतानाच. आता उशीर माफीच्या अर्जासह बदल अर्ज करावा लागेल आणि त्यासोबत सभेची सूचना, ती सदस्यांना पोहोचल्याचा पुरावा, उपस्थितीच्या सह्या, इतिवृत्त आणि मावळत्या पदाधिकाऱ्यांची संमती लागेल. यांपैकी सूचना पोहोचल्याचा पुरावा बहुधा सापडत नाही. तो आधी शोधावा. दरम्यान आणखी एक निवडणूक झाली असेल तर तिचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि पहिला अर्ज निकाली निघेपर्यंत दुसरा अडकून पडण्याची शक्यता असते, म्हणून या कामात मुरलेल्या वकिलांनाच गाठावे. मावळते खजिनदार शहरात आहेत आणि आपल्याशी बोलतात, तोवरच त्यांची सही घ्यावी.