आधी पाणी शोध, चुना नंतर

अगं, तुझा मेसेज वाचला, फोटो झूम करकरून बघितले. वाड्याच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल, पोपडे, विटांना लोणा लागलाय, म्हणजे क्षार वर फुटलेत, आणि तू मला विचारतेस गिलाव्याच्या चुन्यात घालायचा गूळ किती, हिरडा किती, आणि मालक सिमेंटच म्हणतायत तर काम सोडू का. एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये एक प्रश्न मात्र कुठेच नाही. हे पाणी येतंय कुठून?

आधी पाणी शोध. पेठांमधले रस्ते डांबरावर डांबर चढून इतके वर आलेत की कितीतरी वाड्यांचं जोतं, म्हणजे घर ज्यावर उभं असतं तो चौथरा, आता रस्त्याच्या खाली गेलंय, पाऊस पडला की पाणी सरळ आत. त्यात कुणीतरी वाड्याच्या आतल्या चौकात कोबा नाहीतर पेव्हर ब्लॉक टाकतं, मग जमिनीतली ओल जी मोकळी उडून जायची ती भिंतीतून वर चढते. वर पन्हळ फुटलेली, पागोळ्या भिंतीवरच. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघ, बाहेरून ठणठणीत दिसणारं सागवान आतून कुजलेलं असतं. हे सगळं तसंच ठेवून कितीही उत्तम चुना लावलास तरी तो गळणार, आणि मालक म्हणणार बघा, तुमच्या चुन्यात दम नाही. सिमेंट लावलं तर त्याहून वाईट, ओल कोंडते, आणखी वर सरकते, क्षार विटेत साठतात आणि गिलाव्याआड विटेचा भुगा होत राहतो, बाहेरून सुरुवातीला सगळं छानच दिसतं.

वरून लेप द्यायचा मोह जुनाच आहे. अजिंठ्याची चित्रं टिकावीत म्हणून निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले, त्यांनी शेलॅकचा, म्हणजे लाखेचा थर दिला. तो पुढे पिवळा पडला, काळवंडला आणि नंतरच्या लोकांना चित्राला धक्का न लावता तो काढत बसावं लागलं. नियत चांगलीच होती गं त्यांची.

मी एका मालकांना म्हटलं होतं, एक पावसाळा भिंत नुसती बघू द्या. त्यांना पटलं नाही, काम दुसऱ्याकडे गेलं, सिमेंट झालं, काही वर्षांनी वाडा धोकादायक ठरला आणि पाडला. अजून सलतं. लोक म्हणतात हा माणूस कामं अडवतो. अडवतो! पावसात भिंत बघितल्याशिवाय एस्टिमेट देणं मला आजही जमत नाही, घर चालवायला नव्या बंगल्यांचे प्लॅन काढले पण ही अट सोडली नाही, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही.

गुळाचं प्रमाण विचारतेस तर ते तिथला चुना आणि वाळू बघून ठरतं, जुन्या गवंड्याला बरोबर घे, आडबाजूच्या भिंतीवर नमुने लावून बघ. पण नंतर. आधी पाणी.

आणि काम सोडू नकोस. मालक काही वाड्याचे वैरी नाहीत, त्यांना खर्चाची धास्ती आहे. जोराचा पाऊस लागला की छत्री घेऊन त्यांना चौकात उभं कर, पाणी कुठे तुंबतं ते त्यांनाच दाखव. एस्टिमेटमध्ये पहिल्या ओळी पन्हळीच्या, गटाराच्या, जोत्यालगतचा कोबा फोडायच्या, चौकाला उतार द्यायच्या. गिलावा शेवटच्या पानावर. आणि रस्त्यापासून जोतं किती खाली आहे ते मोजून रविवारच्या आत मला कळव, फोटो नकोत, माप हवंय.