वाचक विचारतात: जीनोमिक्समध्ये शिरायचं तर कुठून?

प्रश्न : सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. बारावीनंतर गणित सुटलं. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, पण जवळपास कुठे प्रयोगशाळा नाही. जीनोमिक्सचं काम घरी बसून शिकता येईल का? – एक विद्यार्थिनी, सांगली

येईल, फक्त माणसाच्या जीनोमला सुरुवातीलाच हात घालू नका. जीनोम म्हणजे डीएनएचा संपूर्ण मजकूर. आपला ३.१ अब्ज अक्षरांचा. ३० पट कव्हरेजने (प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा) वाचलेला एक माणूस म्हणजे १५० अक्षरांचे सुमारे ६२ कोटी रीड, म्हणजे मशीनने वाचलेले तुकडे. तुमचा लॅपटॉप तिथेच धापा टाकेल. त्याऐवजी ई. कोलाय या जीवाणूचा के-१२ एमजी१६५५ हा वाण घ्या. ४६ लाख ४१ हजार अक्षरांचा हा जीनोम ५० पट कव्हरेजने वाचला तरी साडेपंधरा लाख रीडमध्ये काम भागतं.

विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमधून (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय) उबुंटू टाका आणि सगळी टूल्स बायोकोंडा या सॉफ्टवेअर-भांडारावरून घ्या. एकेक टूल हाताने बसवण्यात आठवडा जातो आणि शिकणं होत नाही. संदर्भ जीनोम, म्हणजे तुलनेसाठीचा प्रमाण मजकूर, एनसी_०००९१३.३ या क्रमांकाने मिळेल. त्याच वाणाचे रीड युरोपियन न्यूक्लिओटाइड अर्काइव्हवरून फास्टक्यू स्वरूपात थेट उतरवता येतात.

कुठलंही टूल चालवण्याआधी ती फास्टक्यू फाइल उघडून पाहा. प्रत्येक रीडच्या चार ओळी असतात: नाव, अक्षरं, एक अधिकचिन्ह आणि शेवटी चिन्हांची गिचमिड. ही गिचमिड म्हणजे प्रत्येक अक्षराची गुणवत्ता. चिन्हाच्या आस्की क्रमांकातून ३३ वजा करायचे. प्रश्नचिन्हाचा क्रमांक ६३, म्हणून गुणवत्ता ३०, म्हणजे हजारात एक चूक. # दिसला तर गुणवत्ता फक्त २. ते अक्षर मशीनने जवळजवळ अंदाजानेच लिहिलंय.

पुढचा क्रम असा. फास्टक्यूसीने तपासणी, फास्टपीने अॅडाप्टर (वाचनासाठी जोडलेले कृत्रिम तुकडे) आणि खराब टोकं कापणं, बीडब्ल्यूए-मेमने रीड संदर्भावर बसवणं, सॅमटूल्सने सॉर्ट करून मग इंडेक्स. सॉर्ट न करता इंडेक्स करायला गेलात तर ते अडतंच. मग सॅमटूल्सचं फ्लॅगस्टॅट, म्हणजे किती रीड बसले याचा गोषवारा, पाहा. ९५ टक्क्यांवर रीड बसले तर पुढे चला. ६० टक्केच बसले असतील तर नमुन्यात भेसळ आहे, अॅडाप्टर राहिलेत किंवा संदर्भच चुकलाय.

शेवटी बीसीएफटूल्सने संदर्भापेक्षा वेगळे असलेले बदल शोधा आणि इथे प्लॉइडी (गुणसूत्रांचे संच किती) १ सांगायला विसरू नका. न सांगितल्यास हे टूल जीवाणूलाही माणसासारखे गुणसूत्रांचे दोन संच आहेत असं धरून चालतं आणि ‘अर्धे असे, अर्धे तसे’ बदल दाखवतं. वाण तोच असेल तर मोजकेच बदल निघायला हवेत. हजारो निघाले तर तो वाण वेगळा आहे.

जे बदल निघतील ते आयजीव्हीत (संदर्भावर बसलेले रीड दाखवणारा प्रोग्रॅम) डोळ्यांनी पाहा. हे बहुतेक जण टाळतात, आणि खरं शिक्षण नेमकं तिथेच असतं. ई. कोलायमध्ये रायबोसोमल आरएनएच्या जनुकांचे सात जवळजवळ सारखे संच आहेत. तिथला रीड सातांपैकी कुठला हे टूलला ठरवता येत नाही, म्हणून अशा रीडचा मॅपिंग गुण (जागेबद्दलची खात्री) शून्य येतो आणि आयजीव्हीत ते पोकळ, पांढरट दिसतात. खोटे बदल हमखास अशा जागी सापडतात. एकदा ते डोळ्यांनी पाहिलंत की माणसाच्या जीनोममधली अशी ठिकाणंही ओळखू येतील.

गणिताचं म्हणाल तर कलन नंतर पाहू. संभाव्यता आणि संख्याशास्त्र मात्र आजच काढा.

प्रश्न : आरएनए-सेकच्या (कुठलं जनुक किती सक्रिय हे मोजणारा प्रयोग) यादीत काही जनुकांच्या जागी ‘१-मार्च’, ‘२-सप्टेंबर’ अशा तारखा आल्या. शिवाय पहिल्या प्रयोगातली ‘महत्त्वाची’ जनुकं दुसऱ्या प्रयोगात गायब झाली. कुठे चुकलं? – पीएच.डी. विद्यार्थी, नागपूर

तारखांचा प्रताप एक्सेलचा. मार्च१, सेप्ट२ ही जनुकांची जुनी नावं आणि एक्सेलला त्या तारखा वाटतात. मार्च१ आणि मार्क१ या दोन्ही जनुकांची ‘१-मार्च’च होते, त्यामुळे बिघडलेल्या फाइलवरून मूळ नाव परत काढता येत नाही, कच्च्या फाइलकडेच जावं लागतं. या त्रासापायी २०२० मध्ये जनुकांची नावंच बदलली: सेप्टिन२, मार्चएफ१. जुन्या अॅनोटेशनमध्ये (जनुकांच्या माहितीच्या फाइल्स) मात्र जुनी नावं अजून आहेत. फाइल दोनदा क्लिक करून न उघडता आयात करा आणि तो स्तंभ ‘टेक्स्ट’ ठेवा. त्याहून बरं म्हणजे शेवटपर्यंत एन्सेम्बल या डेटाबेसमधला जनुकाचा क्रमांक सोबत ठेवा, नाव फक्त छपाईपुरतं.

गायब झालेल्या जनुकांची कारणं दोन असू शकतात. २०,००० जनुकं ०.०५ च्या कसोटीवर तपासली, तर काहीही फरक नसताना सुमारे हजार जनुकं ‘महत्त्वाची’ ठरतात. म्हणून साधं पी मूल्य (फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता) नको, एकाच वेळी अनेक चाचण्या केल्याचा हिशोब धरणाऱ्या बेंजामिनी-हॉकबर्ग पद्धतीने सुधारलेलं मूल्य पाहा. दुसरं कारण जास्त वाईट. सगळ्या रुग्णांच्या नमुन्यांतून आरएनए एका आठवड्यात काढलं आणि निरोगींच्या नमुन्यांतून दुसऱ्या, तर आजाराचा फरक आणि आठवड्याचा फरक एकमेकांत मिसळतात. हे कोणतंही सॉफ्टवेअर सोडवू शकत नाही. पीसीए (एकमेकांसारखे नमुने जवळजवळ दाखवणारा आलेख) काढून ठिपके तारखेनुसार रंगवा. गट तारखेप्रमाणे पडले तर प्रयोग पुन्हा करावा लागेल. या वेळी प्रत्येक खेपेत दोन्ही प्रकारचे नमुने घ्या. गटामागे तीन नमुने ही किमान संख्या, सहा असले तर बरं.

प्रश्न : भारतीय जीनोमवर नवीन करण्यासारखं काही उरलंय का? – वाचक, ठाणे

भरपूर. २०१५ मध्ये पुऱ्या झालेल्या हजार जीनोम प्रकल्पात २६ समूहांतले २,५०४ लोक होते. त्यातले दक्षिण आशियाई गट पाच: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली आणि ब्रिटनमधले तेलुगू व श्रीलंकन तमिळ. भारतात गोळा केलेला एकही गट नाही, मराठी तर नाहीच. जीनोम इंडिया प्रकल्पाने सुमारे १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले. तो डेटा फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात आहे आणि संशोधकांना अर्ज करून मागता येतो.

इथले नमुने पाहिल्याने काय हाती लागतं याचं उदाहरण म्हणजे एमवायबीपीसी३ जनुक. त्यातली २५ अक्षरं गहाळ असणं उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळतं आणि त्याचा हृदयाच्या स्नायूंच्या विकाराशी संबंध आहे, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. युरोपीय नमुन्यांत ते सापडलंच नसतं.

प्रश्न : पीएच.डी.साठी प्रयोगशाळा निवडताना काय पाहावं? – वाचक, कोल्हापूर

पात्रतेसाठी नेट किंवा गेट, काही संस्थांसाठी जेजीईईबिल्स ही जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा. जेआरएफ या संशोधनवृत्तीची रक्कम पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. पुण्यातच आयसर, एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) आणि विद्यापीठाचं बायोइन्फर्मेटिक्स केंद्र असे पर्याय आहेत.

मार्गदर्शकांच्या गेल्या पाच वर्षांच्या शोधनिबंधांत संगणकाचं काम केलेला विद्यार्थी कितीदा पहिला लेखक आहे ते मोजा. नेहमी मधेच कुठेतरी नाव असेल, तर तिथे तुम्ही इतरांचा डेटा चाळून देणारी सेवा व्हाल. ती तक्रार या क्षेत्रात सर्रास ऐकू येते. त्यांनी कोड जाहीर केलाय का, आणि तो आज तुमच्या लॅपटॉपवर चालतो का, तेही करून बघा. दुसऱ्या गटाचा डेटा हाती घेण्याआधी लेखकांच्या क्रमाबद्दल ईमेलवर बोलून घ्या. निकाल आल्यावर तो विषय काढणं फार अवघड जातं.