आदिवासी धोरण आणि स्वशासन या विषयात एम.ए. करायचंय : परदेशी जावं की इथेच, आणि पेसावर प्रबंध कसा करावा?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. राज्यशास्त्रात बी.ए. झाल्यावर परदेशातला ‘इंडिजिनस गव्हर्नन्स’चा (मूळनिवासींच्या स्वशासनाचा) अभ्यासक्रम घ्यावा का, इथे शिकायचं तर कुठे, आणि पेसावर, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पंचायत कायद्यावर, प्रबंध करायचा तर कसा. पहिल्या दोन प्रश्नांचं थोडक्यात सांगतो. तिसऱ्यावर सविस्तर लिहितो, कारण मुलांची मेहनत वाया जाते ती तिथेच.

परदेशातले अभ्यासक्रम चांगले आहेत. कॅनडात व्हिक्टोरिया विद्यापीठात याच नावाचं एम.ए. आहे, नॉर्वेत ट्रॉम्सोच्या विद्यापीठात दोन वर्षांचा मास्टर्स आहे, आणि अमेरिकेत अॅरिझोना विद्यापीठात हाच विषय कायद्याच्या अंगाने शिकवतात. पण तिथला पायाच वेगळा आहे. उत्तर अमेरिकेत विषय सुरू होतो तो मूळनिवासी राष्ट्रं आणि सरकार यांच्यात झालेल्या करारांपासून. नॉर्वेत सामी लोकांची स्वतःची निवडून दिलेली संसद आहे. आपल्याकडे करार नाही, वेगळं सार्वभौमत्व नाही. आहे ती राज्यघटनेची पाचवी अनुसूची (आदिवासी भागांच्या कारभाराच्या खास तरतुदी), राज्यपालांचे अधिकार, आदिवासी सल्लागार परिषद, प्रकल्प अधिकारी आणि ग्रामसभा. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा आला तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. विरोधात चारच देश होते, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. गंमत अशी, की हा विषय सर्वांत जोरात शिकवला जातो तो त्याच चार देशांत. आणि बाजूने मत देणाऱ्या भारताची भूमिका ‘आमचे सगळेच नागरिक मूळनिवासी’ अशी, त्यामुळे इथल्या सरकारी कागदावर तो शब्द नाही. आहे तो ‘अनुसूचित जमाती’.

तेव्हा तुलनात्मक अभ्यास, आंतरराष्ट्रीय कायदा किंवा पुढे पीएच.डी. डोक्यात असेल तर जरूर जा. काम धडगाव किंवा एटापल्लीसारख्या इथल्या आदिवासी तालुक्यात करायचं असेल, तर पहिली पदव्युत्तर पदवी इथली घ्या, तिकडे नंतर जाता येतं. पैशांचंही बघा : नॉर्वेत पूर्वी कुणालाच शिक्षणशुल्क नव्हतं, २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना ते लागतं. तुम्ही अनुसूचित जमातीतले असाल तर केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, पण वर्षाला जागा २० (त्यातल्या ३ अतिअसुरक्षित जमातींसाठी) आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ६ लाख.

इथे म्हणाल तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याच्या एम.ए.मध्ये दलित आणि आदिवासी अभ्यास हा विशेष विषय आहे. प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो : ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. मध्य प्रदेशात अमरकंटकला इंदिरा गांधी राष्ट्रीय आदिवासी विद्यापीठ आहे. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून आहे. क्षेत्र दाराशी असणं हा त्याचा मोठा फायदा. पदवीच्या नावावर जाऊ नका. राज्यशास्त्र, लोकप्रशासन किंवा विधी शाखेतूनही हा विषय नीट करता येतो. प्रवेश घेण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एवढं विचारा : आठवड्याला किती दिवस क्षेत्रकार्य, कायद्याचं मूळ कलम वर्गात वाचतात की त्यावरचे लेखच, आणि प्रबंध मराठीत लिहू देतात का. पुण्यातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं ग्रंथालय कुठेही शिकत असलात तरी उपयोगी पडेल.

आता प्रबंध.

सर्वांत जास्त लिहिला जाणारा आणि सर्वांत कमी उपयोगाचा विषय म्हणजे ‘अमुक जिल्ह्यातील पेसा कायद्याची अंमलबजावणी : एक अभ्यास’. दोनशे प्रश्नावल्या, त्यात पहिला प्रश्न ‘आपणास पेसा कायदा माहीत आहे का?’, बहुतेकांचं उत्तर नाही, निष्कर्ष : जनजागृतीची गरज आहे. हे कळायला गावात जायची गरज नव्हती. शिवाय कायद्याचं नाव न सांगता येणारी बाई तेंदूचा (विडीच्या पानांचा) लिलाव कसा मोडून काढायचा हे पक्कं जाणून असते, ते या प्रश्नावलीत येतच नाही.

आधी कायदा मुळातून वाचा. पेसा अवघ्या पाच कलमांचा आहे, २४ डिसेंबर १९९६ चा. सगळा जीव कलम ४ मध्ये आहे. त्यात ४(ख) म्हणतं, गाव म्हणजे वस्ती किंवा पाडा, जिथला समाज आपल्या परंपरेनुसार आपला कारभार चालवतो. महसुली गाव नव्हे, ग्रामपंचायतही नव्हे. पुढे भूसंपादनाचं कलम येतं, तिथे शब्द आहेत ‘ग्रामसभा किंवा योग्य स्तरावरील पंचायत’ यांच्याशी सल्लामसलत. या ‘किंवा’तून किती पाणी गळतं ते बघा : ग्रामसभेला न विचारता वरच्या पंचायतीचा ठराव लावला तरी कागद पुरा होतो. आणि शब्द सल्लामसलत आहे, संमती नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने कलम ४१ मध्ये अनुसूचित क्षेत्रासाठी पूर्वसंमती आणली. हे दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवून वाचले की एक अख्खं प्रकरण हाती लागतं.

याच्या जोडीला महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम, वनहक्क कायदा २००६ व त्याचे २०१२ चे सुधारित नियम, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमं ३६ आणि ३६अ (आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावरचे निर्बंध). राज्यपालांच्या अधिसूचनाही सोडू नका. पाचव्या अनुसूचीखाली राज्यपाल कायदाच क्षेत्रापुरता बदलू शकतात. मे २०२० मध्ये महाराष्ट्रात असाच बदल झाला आणि जिल्हास्तरीय समितीने फेटाळलेल्या वनहक्क दाव्यांवर विभागीय पातळीवर अपील करायची वाट उघडली. जुन्या पुस्तकावर विसंबून ‘जिल्हा समितीचा निर्णय अंतिम’ असं लिहिलेले प्रबंध अजूनही दिसतात.

गणपूर्तीचा, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचा, गोंधळही नेहमीचा. वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया. हा नियम पेसाच्या सभेला लावू नका, तिथली गणपूर्ती वेगळी आहे. कुठल्या कायद्याखाली सभा बोलावली होती हे नोटिशीवर बघायचं आणि मगच हजेरी मोजायची.

विषय लहान घ्या. एक ग्रामसभा, एकच अधिकार, दोन-तीन वर्षांचा कागद. उदाहरणार्थ गडचिरोलीतल्या एखाद्या गावाचा तेंदूचा हिशेब. तेंदूचा एक पुडा ७० पानांचा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. समजा एका घराने दहा दिवस रोज २५० पुडे दिले, तर ती झाली अडीच गोणी. आता तीन कागद शेजारी ठेवा : घरातली पुड्यांची नोंद, संकलन केंद्रावरची वही, आणि ठेकेदाराने ग्रामसभेला दिलेला हिशेब. तिन्ही आकडे जुळत नसतील तर फरक कुठे पडला? बाद केलेल्या पुड्यांत, मोजणीत, की गोणी भरताना? मजुरी किती, रॉयल्टी किती, आणि ती वाटणी कुठल्या ठरावाने झाली? करारनाम्यात पैसे द्यायची तारीख आहे का, आणि खात्यात ते कधी आले? एवढ्यावर साठ पानांचा दणदणीत प्रबंध होतो आणि तो गावालाही कामाचा असतो.

इतिवृत्ताची वही वाचणं ही वेगळीच कला आहे. तारखा आधी बघा. सगळ्या सभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्याच असतील, तर तुमच्या हातात बहुधा ग्रामपंचायतीची वही आहे, पाड्याच्या पेसा ग्रामसभेची नाही. मग अक्षर बघा : वर्षभराचे ठराव एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे आहेत का. सूचक-अनुमोदक तीच दोन नावं आहेत का. ‘सर्वानुमते मंजूर’ यावर विश्वास ठेवू नका. वाद झाला तो तोंडी झाला आणि वहीत आला नाही, म्हणून मुलाखत घ्यायची ती वहीतला ठराव समोर धरून. ‘ग्रामसभा कशी चालते?’ असं विचारलं की पढवलेलं उत्तर मिळतं. ‘हा सात नंबरचा ठराव कुणी मांडला, कोण विरोधात होतं?’ असं विचारलं की लोक बोलायला लागतात.

निधीचंही तसंच. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी (कशावर खर्च करायचा ते गावाने ठरवायचा पैसा) २०१५ पासून पेसा क्षेत्रात थेट खाली येतो. पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात पडला की ग्रामसभा कोषाच्या, आणि सही कुणाची, यावर सत्ता कुणाकडे आहे ते कळतं.

गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाचा मोह बहुतेकांना होतो. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे, साधारण १,८०० हेक्टर जंगल आहे, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही त्यांनी मिळवला. वाचा जरूर. पण तिथे संशोधकांची रांग लागून गेली आहे. त्यापेक्षा अशी गावं शोधा जिथे शीर्षक (वनहक्काचं हक्कपत्र) मिळालं आणि पुढे काही हललं नाही. शीर्षकावर मागितलेलं क्षेत्र आणि दिलेलं क्षेत्र यांत फरक असतो, कधी कायद्यात नसलेल्या अटी टाकलेल्या असतात, कधी व्यवस्थापन समितीच बनलेली नसते.

वेळापत्रक सत्राप्रमाणे नाही, गावाप्रमाणे आखा. गडचिरोलीत मार्च-एप्रिल मोहाचा, एप्रिल-मे तेंदूचा. त्या दिवसांत कुणाला तुमच्याशी तासभर बोलायला सवड नसते, भाताची कापणी-मळणी उरकल्यावर जा. नंदुरबारच्या सातपुड्यात उलट : दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला गेलेला असतो, लोक भेटतील ते पावसाळ्यात किंवा होळीला. रायगडातल्या कातकरी वाड्यांवर दिवाळीनंतर गेलात तर म्हातारी माणसं आणि कुलुपंच दिसतील, बाकी सगळे वीटभट्टीवर.

भाषा माडिया, गोंडी, पावरी, भिलोरी, जी असेल ती, दुभाष्या लागणारच. वनरक्षक, ग्रामसेवक किंवा गावातला दुकानदार दुभाष्या म्हणून चालत नाही, कारण लोकांचं उत्तर त्याच्या तोंडाकडे बघून बदलतं. दोन दुभाषे घ्या, त्यात एक बाई. गावात शिरण्याआधी ग्रामसभेला पत्र द्या, ठरावाने परवानगी घ्या आणि प्रबंधाची मराठी प्रत परत आणून देण्याचं त्या ठरावातच लिहून घ्या. विद्यापीठाची नैतिकता समिती परवानगीला काही आठवडे सहज खाते, तो अर्ज आधी टाका.

जे कागद गावात मिळत नाहीत त्यासाठी माहिती अधिकार. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, हे विसरल्याने अर्ज परत येतात. शुल्क १० रुपये, उत्तराला ३० दिवस, नंतर पहिलं अपील. ‘पेसाची सर्व माहिती द्यावी’ असं मागू नका. ‘अमुक पाड्याला स्वतंत्र गाव घोषित करण्याच्या प्रस्तावावरील टिपणी व पत्रव्यवहाराच्या प्रती’ असं नेमकं मागा. दुसऱ्या अपिलाची तारीख तुमची पदवी संपल्यावर लागेल, म्हणून पहिले अर्ज पहिल्याच सत्रात टाकून ठेवा. सातबारा आणि फेरफार मात्र तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन मिळतात; आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या नावे कशी गेली ते शोधायचं तर सातबाऱ्यावर थांबू नका, जुने फेरफार एकेक करून मागे वाचत जा. १९७४ च्या आसपासच्या नोंदींपाशी जास्त वेळ द्या, कारण जमिनी परत देण्याचा कायदा तेव्हाचाच.

नोकरीचं विचारलं नाहीत, तरी : जिल्हा आणि तालुका पातळीवर पेसाची कंत्राटी पदं निघतात, संस्था-संघटनांत काम मिळतं, स्पर्धा परीक्षांना हा अभ्यास उपयोगी पडतो. कंत्राट बहुधा अकरा महिन्यांचं असतं, ते धरूनच हिशेब करा.